ऊब घाटाखालीच आहे, महाग झालीय ती तारीख

नाताळ, नवं वर्ष, महापालिकेचं मतदान आणि शिवजयंती, यंदा सगळेच गुरुवारी. पिंपरी-चिंचवड-चाकणमधून 'कुठेतरी उबदार' जायचं असेल, तर आधी नकाशा नको, कॅलेंडर उघडा.

तुमच्या ग्रुपवरही प्लॅन सुरू झालाच असेल. कोणीतरी 'गोवा?' एवढाच मेसेज टाकतं. दहा मिनिटांत पंधरा अंगठे पडतात. मग कोणीतरी रूमचा आणि तिकिटाचा स्क्रीनशॉट टाकतं आणि ग्रुपवर एकदम शांतता पसरते. दोन दिवसांनी 'अलिबाग तरी?' आणि शेवटी ३१ तारखेला कोणाच्या तरी गच्चीवर पावभाजी. हे दरवर्षीचंच आहे.

पण यंदाचा डिसेंबर जरा वेगळा आहे. महिन्याच्या सुरुवातीला विमानसेवेचा बोजवारा उडाला, गोव्यात एका नाइटक्लबच्या आगीत २५ जीव गेले, नव्या मुंबईचं विमानतळ २५ तारखेपासून सुरू होतंय आणि आपल्या महापालिकेची निवडणूक १५ जानेवारीला जाहीर झालीय. या सगळ्याचा तुमच्या ट्रिपशी थेट संबंध आहे. कसा, ते एकेक करून बघू.

थंडी आहे कुठे?

आधी मुळातला प्रश्न. आपण ऊब शोधायला निघालोय, पण आपल्याकडे थंडी असते किती वेळ?

पुणे परिसर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र, हवा कोरडी. दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर थंड होते आणि पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास येतो. कधी त्याच्याही खाली. पुण्यातला नोंदलेला नीचांक १९३५च्या जानेवारीतला आहे, १.७ अंश. पण दुपारी दोनला बघा, तोच पारा २८-२९वर असतो. म्हणजे आपली थंडी ही पहिल्या शिफ्टच्या बससाठी पहाटे उभ्या राहणाऱ्यांची आणि सकाळी सातच्या लेक्चरला गाडी मारत जाणाऱ्यांची थंडी. बाकी दिवसभर स्वेटर कमरेला बांधलेला.

घाट उतरला की गणित बदलतं. किनाऱ्यालगत समुद्र रात्रीची थंडी अडवून धरतो. रत्नागिरीत डिसेंबरातली पहाट साधारण १९-२० अंशांची असते आणि दुपार ३२-३३ची. कधी कधी भर हिवाळ्यात देशातलं सर्वांत जास्त कमाल तापमान रत्नागिरीत नोंदलं जातं. कारण साधं आहे. या दिवसांत वारा पूर्वेकडून येतो, सह्याद्री उतरताना तो दाबला जाऊन तापतो आणि समुद्रावरून येणारा गार वारा किनाऱ्यावर उशिरा पोचतो. तोपर्यंत दुपार भाजून निघालेली असते.

याचा अर्थ काय? एक, उबेसाठी विमानात बसायची गरज नाही. ती दिडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. दोन, कोकणात सकाळी अकरा ते दुपारी चार वाळूवर लोळण्यात मजा नाही, ते तास जेवण आणि झोपेचे. तीन, सगळं कोकण सारखं नाही. दापोली डोंगरमाथ्यावर आहे आणि तिथली पहाट चांगलीच गार असते. 'मिनी महाबळेश्वर' हे नाव उगाच नाही पडलं. पण तिथून खाली हर्णै-मुरुडला उतरलात की पुन्हा ऊब. रूम 'दापोली' म्हणून बुक करताना ती माथ्यावर आहे की किनाऱ्यावर, एवढं विचारून घ्या.

सगळे गुरुवार एकाच माळेत

आता कॅलेंडर. पिंपरी, भोसरी, चाकण पट्ट्यातल्या अनेक कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार सगळ्यांवर एकाच दिवशी पडू नये म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून देण्याची ही जुनी पद्धत. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी 'पप्पांचा रविवार' गुरुवारी येतो आणि त्यामुळे घरच्यांसोबत कुठे जायचं जमत नाही, ही तक्रारही जुनी.

खरं तर ट्रिपच्या दृष्टीने गुरुवार ही या पट्ट्याची लॉटरी आहे. बुधवारी रात्री कोकणात पोचलेल्या माणसाला रूम मिळते, किनारा रिकामा मिळतो आणि घासाघीसही करता येते. शनिवारी तीच रूम, तोच पंखा, तेच गरम पाणी, फक्त भाव वेगळा.

यंदा मात्र २५ डिसेंबर गुरुवारी आलाय, १ जानेवारीही गुरुवारी. हिंजवडीतल्या आयटीवाल्यांना शुक्रवारची एक रजा टाकली की सलग चार दिवस, तेही दोनदा. चाकणच्या गुरुवारवाल्यांना मात्र सणाची सुट्टी साप्ताहिक सुट्टीतच गडप. काही कंपन्या बदली सुट्टी देतात, काही देत नाहीत. म्हणजे ज्या दोन गुरुवारी तुमच्या घरचे मोकळे आहेत, नेमक्या त्याच दोन गुरुवारी अख्खं पुणे-मुंबई रस्त्यावर आहे. १९ फेब्रुवारीची शिवजयंतीही गुरुवारीच. त्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्यावर शांतता शोधायला जाऊ नका.

मग उरतं काय? ८ जानेवारी, २२ जानेवारी, २९ जानेवारी, फेब्रुवारीचे पहिले दोन गुरुवार. हवा तीच, समुद्र तोच. उलट जानेवारीत आपल्याकडची थंडी बऱ्याचदा वाढलेली असते, म्हणजे घाट उतरण्याचं सुख जास्त. २६ जानेवारी सोमवारी आहे, त्यामुळे २४ ते २६ हा शनिवार-रविवारवाल्यांचा लाँग वीकेंड. तो टाळा. ६ जानेवारीला अंगारकी आहे, त्या दिवशी गणपतीपुळ्यात पाय ठेवायला जागा नसेल. दर्शनालाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

रेल्वेचं गणितही तारखेशीच बांधलेलं आहे. १ नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. म्हणजे २५ डिसेंबरचं आरक्षण २६ ऑक्टोबरला उघडलं होतं. तेव्हा आपण दिवाळीच्या फराळात होतो. आता हळहळून उपयोग नाही. पण फेब्रुवारीच्या तारखा आत्ता एकेक करून उघडतायत. शिवजयंतीचीच तारीख हवी असेल तर ती २१ डिसेंबरला उघडेल. 'तत्काळ'च्या भरवशावर असाल, तर यंदाच्या जुलैपासून त्याला आधार पडताळणी लागते. खातं आधारला जोडलेलं नसेल तर सकाळी दहा वाजता धावपळ करून काहीही हाती लागणार नाही.

विमान: स्वस्त होतं ते जून-जुलैत

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची शेकडो उड्डाणं रोज रद्द होत होती. वैमानिकांच्या विश्रांतीचे आणि कामाच्या तासांचे नवे नियम पूर्ण लागू झाले आणि कंपनीकडे त्या हिशेबाने माणसं नव्हती. लोहगावला बॅगांचे ढीग आणि जमिनीवर झोपलेले प्रवासी आपण सगळ्यांनी पाहिले. बाकीच्या विमानांची भाडी इतकी चढली की सरकारला ६ डिसेंबरला तात्पुरत्या कमाल मर्यादा घालाव्या लागल्या. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १००० किलोमीटरला १२,०००, १००० ते १५०० किलोमीटरला १५,००० आणि त्यापुढे १८,०००, वर कर आणि शुल्क वेगळं.

यातला ७,५०० हा आकडा जरा नीट बघा. पुणे-गोवा त्याच टप्प्यात बसतं. म्हणजे सरकारी 'दिलासा'सुद्धा एका बाजूच्या तिकिटाला कर सोडून साडेसात हजार. पाच जणांचा ग्रुप एका गाडीतून गेला तर? पिंपरीतून गोवा जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं मिळून हजार किलोमीटर धरा. लिटरला १५ किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर सात हजारांच्या आत इंधन, म्हणजे माणशी चौदाशे. त्यात टोल मिळवा. दिवेआगरला गेलात तर येण्या-जाण्याचे आणि फिरण्याचे मिळून ३६० किलोमीटर, इंधन अडीच हजार, माणशी पाचशे.

नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबरपासून प्रवाशांसाठी सुरू होतंय आणि सुरुवातीच्या ठिकाणांत गोवाही आहे. वाकडहून ते शंभर किलोमीटरच्या आसपास. पुढच्या वर्षी आपल्याला त्याचा उपयोग होईल. पण ऐन नाताळात, एक्स्प्रेस-वेच्या घाटातला ट्रॅफिक पार करून, पहिल्याच आठवड्यात प्रयोग करायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

'त्यापेक्षा थायलंड स्वस्त' हे वाक्यही ग्रुपवर येतंच. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही आणि पुण्याहून बँकॉकला थेट विमानही आहे, हे खरं. पण रील बघून तारीख ठरवू नका. डिसेंबरात फुकेतच्या बाजूला कोरडं असतं, तर आखाताच्या बाजूला को सामुईत पाऊस असू शकतो. यंदा नोव्हेंबरअखेर दक्षिण थायलंडमध्ये मोठे पूर आले, डिसेंबरात कंबोडियाच्या सीमेवर पुन्हा चकमकी सुरू झाल्या. श्रीलंकेला 'दितवा' चक्रीवादळाने झोडपून महिनाही झालेला नाही. तमिळनाडूचा किनाराही ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसाच्या तावडीत असतो. उबदार जागा आणि कोरडी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दिवसांत दोन्ही एकत्र देणारा सगळ्यात जवळचा किनारा आपलाच आहे.

घरी एक विषय काढून बघा, एलटीए. पगारदारांना प्रवास भाड्यावर मिळणारी ही करसवलत चार वर्षांच्या गटात दोनदा घेता येते आणि २०२२-२५ हा गट ३१ डिसेंबरला संपतोय. उरलेला एक प्रवास २०२६मध्ये वापरता येतो, त्यामुळे कोणी 'आत्ताच निघा' म्हणून घाई करत असेल तर थांबवा. सवलत फक्त भारतातल्या प्रवासाच्या भाड्याला आहे, हॉटेलला नाही. आणि पप्पांनी नवी करप्रणाली निवडली असेल तर ती मुळातच नाही.

गोव्याला नक्की कोण जातंय?

'गोवा आता रिकामं पडलंय' असे व्हिडिओ गेल्या दोन हिवाळ्यांत खूप फिरले. आकडे वेगळंच सांगतात. गोवा सरकारच्या आकडेवारीनुसार २०१९मध्ये तिथे ७१ लाख देशी आणि ९ लाख ३७ हजार परदेशी पर्यटक आले. २०२४मध्ये देशी ९९ लाखांवर गेले आणि परदेशी ४ लाख ६८ हजारांवर आले. म्हणजे परदेशी निम्मे झाले आणि त्यांची जागा आपण भरून काढली, वर आणखी गर्दी केली. जेमतेम पंधरा लाख वस्तीच्या राज्यात वर्षाला एक कोटी चार लाख पाहुणे. भाव का उतरत नाहीत, याचं उत्तर तिथे आहे. आपण कितीही शिव्या घातल्या तरी ३१ डिसेंबरला जातोच, हे त्यांनाही माहीत आहे.

आणि आता हडफड्याची आग. ६ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास तिथल्या नाइटक्लबमध्ये आग लागली. प्राथमिक चौकशीत बोट आतल्या आतषबाजीकडे गेलं. २५ मृतांमध्ये पर्यटक मोजके होते. बहुतेक जण तिथले कर्मचारी होते, त्यातले अनेक तळघरातल्या स्वयंपाकघरात अडकलेले. पोटासाठी दुसऱ्या राज्यांतून आणि नेपाळमधून आलेली, बरीचशी तुमच्या-आमच्या वयाची मुलं.

आपल्या पट्ट्याला हे नवीन नाही. दोन वर्षांपूर्वी, ८ डिसेंबर २०२३ला तळवड्यात एका बेकायदा कारखान्यात आग लागली होती. तिथे वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनायच्या. सहा जणींचा जागीच मृत्यू झाला, नंतर उपचार सुरू असताना आणखी काही जण गेले. पार्टीतली ठिणगी बनवणारीही कामगार आणि त्या ठिणगीत अडकणाराही कामगारच. म्हणून क्लबमध्ये शिरताना, आत छताला काय लावलंय आणि बाहेर पडायला दुसरा दरवाजा कुठे आहे, हे बघणं म्हणजे भित्रेपणा नाही. दुसरा दरवाजा दिसत नसेल तर परत फिरा. प्रवेश शुल्क भरून झालं असलं तरी.

कोकण आहेच, पण घाट उतरून

कोकणाकडे बघायला यंदा एक जास्तीचं कारण आहे. ११ जुलैला युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचा जागतिक वारशात समावेश केला. बारा किल्ल्यांच्या त्या यादीत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राकाठचे. सुवर्णदुर्ग तर हर्णैच्या किनाऱ्यावरूनच समोर दिसतो. सकाळी किल्ला, संध्याकाळी हर्णै बंदरातला माशांचा लिलाव, रात्री एखाद्या घरगुती खानावळीत सुरमई किंवा वालाचं बिरडं आणि सोलकढी. यासाठी रील बनवायची गरज पडत नाही.

राहायला मोठं रिसॉर्टच लागतं असं नाही. निवास-न्याहारी योजनेत नोंदणी असलेली घरं बऱ्याच गावांत आहेत. आणि तुमच्या वर्गात कोणी ना कोणी गुहागरचं, मंडणगडचं, देवगडचं असतंच. त्याच्या ओळखीने रूम मिळाली तर घासाघीस करू नका, पूर्ण पैसे द्या. ओळख ही सवलत मागायला नसते. हॉटेलची खोली दिवसाला साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी २२ सप्टेंबरपासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय. बिलावर अजून जुना दर दिसला तर विचारा.

जायचं कसं? एसटी आहे, वल्लभनगर आगारातून कोकणात गाड्या सुटतात. मुलींना अर्धं तिकीट आहे. मुलामुलींचा मोठा ग्रुप असेल तर 'आवडेल तेथे प्रवास'चा चार किंवा सात दिवसांचा पास आणि मुलींचं अर्धं तिकीट यांची तुलना करून बघा. खासगी ट्रॅव्हल्सना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, हा २०१८चा सरकारी निर्णय आहे. तिकिटाचा स्क्रीनशॉट ठेवा, आरटीओकडे तक्रार करता येते. रेल्वेने जायचं तर चिंचवडहून कोकण रेल्वेवर उतरायला सोपा रस्ता नाही, पनवेल गाठावं लागतं.

म्हणून बहुतेक ग्रुप स्वतःच्या गाडीने निघतात, तेही रात्री. इथे थांबून एक गोष्ट आठवा. नोव्हेंबरमध्ये ताम्हिणी घाटात जीप दरीत कोसळून पुण्यातले सहा तरुण गेले. कोकणाकडे निघाले होते. अपघात झाल्याचं कोणाला कळायलाच दोन-तीन दिवस गेले, ड्रोनने शोध घ्यावा लागला. तुमच्याच वयाची पोरं. शिफ्ट किंवा कॉलेज करून, रात्री अकराला निघून, पहाटे समुद्रावर सूर्योदय पकडायचा हा जो प्लॅन असतो, त्यातला सगळ्यात महाग भाग हॉटेल नाही, ती रात्र आहे. (सूर्योदय तसाही डोंगराकडून होतो. आपल्या समुद्रावर मिळतो तो सूर्यास्त.) पहाटे पाचला निघा, उजेडात घाट उतरा. निघताना आणि घाट उतरल्यावर घरी एकेक मेसेज टाका, कारण मधल्या पट्ट्यात नेटवर्क मिळेलच असं नाही.

पाण्याला तिथी कळते

१ फेब्रुवारी २०१६ला मुरूड-जंजिऱ्याला पुण्यातल्या एका कॉलेजची सहल गेली होती. १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७मध्ये मालवणच्या वायरीला बेळगावचे आठ जण. दोन्हीकडे सहलीला आलेली, घाटावरची मुलं.

कोकणातली माणसं भरतीची वेळ बोटांवर काढतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. बारा-साडेबारा तासांनी पुन्हा. हा ढोबळ हिशेब आहे, नक्की वेळ स्थानिक कोळ्याला विचारा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासची ती उधाणाची भरती, पाणी जास्त चढतं आणि ओहोटीला जास्त जोराने ओढतं. अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती, ती सौम्य. यंदा पौर्णिमा ३ जानेवारीला आहे. म्हणजे नवं वर्ष साजरं करायला जी सर्वांत जास्त गर्दी पाण्यात उतरणार, ती उधाणाच्या दिवसांत उतरणार. गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. कोकणातल्या लहान किनाऱ्यांवर बऱ्याच ठिकाणी नसतात, तिथे तुम्हाला अडवणारं कोणी नाही. पिऊन पाण्यात उतरायचं नाही, हा एकच नियम पाळला तरी खूप झालं.

आणि गाडी वाळूवर घालू नका. मागच्या वर्षअखेरीला रेवदंड्याच्या किनाऱ्यावर फेरारी रुतली आणि बैलगाडीने ओढून काढली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. हसायला ठीक. पण हिवाळा हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा काळ आहे. वेळाससारख्या गावांनी गेली वीसेक वर्षं ती घरटी जपलीत. पिंपरी-चाकणमध्ये बनलेल्या एसयूव्ही कितीही दणकट असल्या, तरी त्यांची जागा रस्त्यावर. कासवंच बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं समुद्रात जाताना बघायला जा.

आणि १५ जानेवारी

आता उरलेला एक गुरुवार. १४ जानेवारीला संक्रांत, १५ला मतदानाची सुट्टी. बुधवार-गुरुवार सलग, शुक्रवारची दांडी मारली की शनिवार-रविवार. पाच दिवस. हॉटेलवाल्यांनाही हे कळलेलं आहे.

पिंपरी-चिंचवड महापालिकेची मागची निवडणूक फेब्रुवारी २०१७मध्ये झाली होती. मार्च २०२२मध्ये मुदत संपली आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाच्या हातात आहे. जवळपास चार वर्षं या शहराला नगरसेवक नाही. २०१७मध्ये ज्याने पहिल्यांदा मत दिलं, तो आज २६-२७ वर्षांचा आहे. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या जवळजवळ कोणीही आपल्या महापालिकेसाठी कधी मतदान केलेलं नाही. एका अख्ख्या पिढीचं पहिलं मत आहे हे. भूमकर चौकातली धूळ, बीआरटीतले खड्डे, पवना-इंद्रायणीचा फेस, कॉलेजला जाताना रोज वाया जाणारा तास, या सगळ्याबद्दल तुम्ही रील बनवता, मीम टाकता. ज्या दिवशी बोलायची अधिकृत सोय आहे, त्याच दिवशी तुम्ही तारकर्लीला असाल तर कसं?

तेव्हा ग्रुपवर '१४ ते १८' अशी तारीख आली, तर '२१ ते २३' सुचवा. बुधवारी संध्याकाळी निघायची घाई नको, पहाटे निघा. २२चा गुरुवार पूर्ण मिळेल, शुक्रवारी परत. रूम स्वस्त, घाट मोकळा, समुद्र तेवढाच उबदार. आणि बोटावरची शाई तोवर पुसटही झालेली नसेल.

निघण्याआधी

- तारीख आधी, जागा नंतर. २५ डिसेंबर ते ४ जानेवारी, १४-१५ आणि २४ ते २६ जानेवारी टाळा.
- दापोली, गुहागर, दिवेआगर कुठेही जा, पण खोली किनाऱ्यापासून किती लांब आणि माथ्यावर की खाली, ते विचारा.
- घाट उजेडात. गाडी चालवणाऱ्याची आदली रात्र झोपेची. चालवू शकणारा दुसरा कोणीतरी सोबत असू द्या.
- गोव्यात भाड्याची दुचाकी घेताना काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत का बघा. किनाऱ्यावर उघड्यावर दारू आणि स्वयंपाकाला दंड आहे, एकट्याला दोन हजार, ग्रुपला दहा हजार.
- भरतीची वेळ गावात पोचल्या पोचल्या विचारा. अडचणीत ११२.
- १ जुलै २०२५पर्यंत अठरा पूर्ण झाली असतील आणि यादीत नाव असेल, तर प्रभाग आणि मतदान केंद्र आजच शोधून ठेवा. ते व्हायला ट्रिपच्या प्लॅनपेक्षा कमी वेळ लागतो.